कड्याच्या आत कोण? खान्देशातल्या एका सार्वजनिक अंत्यविधीच्या नियोजनाचं प्रकरण

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ताईंचा, म्हणजे अण्णांच्या लेकीचा, फोन आला. "भाऊसाहेब, अण्णा गेले. तुम्ही वाड्यावर या." मे महिना होता. अंगणात बाजेवर झोपलो होतो, तसाच उठलो, सदरा अडकवला आणि निघालो. पोचलो तेव्हा अण्णांच्या पत्नी माई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. ताई आत होत्या. अण्णांचा ड्रायव्हर जिभाऊ गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा होता. उजाडल्यावर दारात हजारभर माणूस असणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोणी काही बोलत नव्हतं.

अण्णांचं आणि गावाचं नाव मी देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. तापीकाठचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तीन वेळा आमदार, एकदा राज्यमंत्री, शिक्षण संस्थेचे आणि दोन आश्रमशाळांचे संस्थापक. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहिणारा पोरगा म्हणून त्यांची सुरुवात झाली. सातपुड्यातल्या पाड्यांशी त्यांचं नातं तेव्हाचं. मी त्यांच्या संस्थेत कार्यालयीन अधीक्षक होतो, बत्तीस वर्षं. त्या रात्री वाड्यावर कागद-पेन घेऊन बसू शकेल असा मीच होतो, म्हणून नियोजन माझ्याकडे आलं.

त्यानंतर अशाच आणखी दोन घरांनी मला बोलावलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच आला: व्हीआयपी कोण कोण येतायत? हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असायला हवा, हे मला अण्णांच्या अंत्यविधीनं शिकवलं. पहिला प्रश्न असा असावा, की दारात कोण अडवलं गेलं तर गेलेल्या माणसाच्या जिवाला लागलं असतं? हा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्याचं काय झालं, ते जसं घडलं तसं सांगतो.

वेळ

अंत्ययात्रेची वेळ ठरली की निम्मी यादी आपोआप ठरते. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला नेलं, तर पंचक्रोशी येते आणि मुंबईची मंडळी राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं, तर मंत्री येतात, पण मेच्या उन्हात देह आणखी एक दिवस ठेवावा लागतो. त्या आठवड्यात पारा 44 च्या खाली उतरत नव्हता.

अण्णांचा मुलगा परदेशात. त्याला पोचायला दोन दिवस तरी लागणार होते. "त्याच्यासाठी थांबू नका," हे माईंनीच सांगितलं. मग अग्निडाग कोण देणार? चुलतभावांमध्ये कुजबुज सुरू झाली, पुतण्याचं नाव पुढे आलं. माई म्हणाल्या, "लेक आहे ना घरात." विषय संपला. भाऊबंदांपैकी एका वडीलधाऱ्यांना ते पटायला थोडा वेळ लागला. त्यांना मी परळीची आठवण करून दिली: 4 जून 2014 ला गोपीनाथ मुंडे यांना त्यांच्या मुलीनं, पंकजा मुंडे यांनी अग्नी दिला, आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ते पाहिलं. हा निर्णय घरचा असला तरी नियोजनाच्या दृष्टीनं तो सगळ्यात आधी व्हावा लागतो. चितेजवळ कोण उभं राहणार, हे त्यावरून ठरतं. लेक अग्निडाग देणार म्हटल्यावर तिच्यासोबत घरातल्या आणखी सात-आठ बायका येणार होत्या. आमच्याकडे बायका सहसा अमरधामात जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी सावली, पाणी, बसायची जागा कोणाच्या डोक्यातच नव्हती. ती तेव्हा करावी लागली.

साडेपाचला तहसीलदार आले. शासकीय इतमामाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडून मंत्रालयात, सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेकडे गेला. मान्यता मुख्यमंत्र्यांची लागते. दुपारी बाराच्या आत आदेश आला. सोबत पालकमंत्र्यांचा दौराही आला, आणि त्यानं आमची वेळ बांधून टाकली: दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ. तात्पुरत्या हेलिपॅडवर अंधार पडल्यावर हेलिकॉप्टर उतरत नाही, त्यामुळे त्याच दिवशीची संध्याकाळ कोणालाच जमत नव्हती.

म्हणजे हातात एकतीस तास होते. लंडनला राणी एलिझाबेथ 8 सप्टेंबर 2022 ला गेल्या आणि अंत्यविधी 19 तारखेला झाला. त्याची आखणी कित्येक वर्षं आधीपासून कागदावर तयार होती, 'लंडन ब्रिज' या सांकेतिक नावानं. रोमला पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 ला गेले, 26 ला दफन झालं. आपल्याकडे घरात आजारी माणूस असताना असं काही लिहून ठेवणं अशुभ वाटतं. मलाही वाटायचं. आता वाटत नाही. अण्णा तीन महिने अंथरुणावर होते. त्या तीन महिन्यांत एक वही जरी भरली असती, तरी पुढचं बरंच टळलं असतं.

तीन याद्या

वाड्याच्या कचेरीत तीन टेबलं मांडली आणि तीन याद्या सुरू झाल्या.

पहिली यादी राजशिष्टाचाराची. ही सगळ्यात सोपी, कारण तिचा क्रम आपण ठरवत नाही. राष्ट्रपती सचिवालयाने 26 जुलै 1979 ला अधिसूचित केलेला अग्रक्रम तक्ता आहे. राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, आपापल्या राज्यात राज्यपाल चौथे. मुख्यमंत्री आपल्या राज्यात सातव्या क्रमांकावर, खासदार एकविसाव्या. हा तक्ता शासकीय समारंभी प्रसंगांपुरता असतो आणि आमच्या कामाला तो अर्धाच पुरला. जिल्हा परिषद सदस्य, बाजार समितीचे सभापती, सूतगिरणीचे अध्यक्ष, सरपंच यांना त्यात जागाच नाही, आणि खान्देशातल्या अंत्यविधीला खरी गर्दी यांची असते. एका माजी सभापतींनी रात्री अकराला मला विचारलं, "माझी खुर्ची कितव्या रांगेत?" मी म्हणालो, "साहेब, खुर्च्या फक्त साठीच्या पुढच्यांसाठी ठेवल्यात." ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी उभेच राहिले, आणि शेवटपर्यंत राहिले.

पोपच्या वेळी मला एक गोष्ट फार आवडली. देशोदेशीचे प्रमुख बसवायचे म्हणजे कोणाला पुढे, कोणाला मागे ठेवायचं हा मोठाच पेच. तिथे इटली आणि अर्जेंटिना यांचा मान आधी, आणि बाकीचे देश फ्रेंच नावांच्या अकारविल्हे. नियम एकदा जाहीर झाला की मान-अपमान उरत नाही. आम्हीही तसं एक केलं: संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना गावाच्या नावाच्या अकारविल्हे रांग दिली. अमळनेरवाले पुढे, साक्रीवाले मागे. तक्रार एकही आली नाही.

दुसरी यादी पक्षाची. त्यांना अण्णांच्या अंगावर पक्षाचा झेंडा हवा होता. इथे कायदा स्पष्ट आहे. भारतीय ध्वज संहिता 2002 प्रमाणे शासकीय इतमामात देहावर तिरंगा घालतात, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात, आणि ध्वज चितेबरोबर जाळत नाहीत. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांचे अंत्यविधी सोडून इतर कुठे तिरंगा असा पांघरला, तर 1971 च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्याप्रमाणे तो अपमान ठरतो. मग तोडगा असा निघाला की वाड्यापासून मैदानापर्यंत पक्षाचा झेंडा, आणि मैदानावर पोलिस पथकाने देह ताब्यात घेतल्यावर तो उतरवून तिरंगा. पक्षाच्या तालुकाध्यक्षांनी आपल्या हातानं झेंड्याची घडी केली आणि ती माईंकडे दिली. ते दृश्य मनात राहिलं.

तिसरी यादी भाऊबंद आणि सोयऱ्यांची. ही घरातल्या आजीबाईंनी तोंडी सांगितली आणि संस्थेतल्या शिपाईदादांनी उतरवून घेतली. खांदेकरी कोण, मडकं कोण धरणार, कोणाच्या येण्याची वाट पाहायची, हे सगळं त्यात आलं. सांत्वनाला येणाऱ्यांसाठी द्वारदर्शन कुठे ठेवायचं आणि गंधमुक्ती, उत्तरकार्य हे पुढचे विधी कोणत्या तारखेला, हेही त्याच रात्री ठरलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात निधनाची बातमी द्यायची होती.

तिन्ही याद्या मिळून नावं झाली चारशेच्या आसपास. त्यांचे तीन रंगांचे बिल्ले केले. पहाटे चारला मी त्या कागदांवर हात ठेवून बसलो तेव्हा काम झाल्याचं समाधान वाटत होतं. जिभाऊ दारात येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, डोंगरावरचे येतील." मी म्हणालो, "येऊ दे ना, मैदान मोठं आहे." त्याला काय म्हणायचं होतं ते मी ऐकून घेतलं नाही.

मैदान

जागा म्हणून कॉलेजचं क्रीडांगण निवडलं. गावाच्या अमरधामाकडे जाणारी गल्ली जेमतेम बारा फूट रुंद आहे आणि शेवटी उतार. 27 ऑगस्ट 2003 ला नाशिकच्या कुंभमेळ्यात अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. आमच्या तालुक्यातली माणसं त्या दिवशी तिथे होती, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकल्यापासून अरुंद रस्ता आणि उतार एकत्र दिसला की मला धास्ती वाटते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं उभी असतील तर माणूस हलू शकतो. सहाच्या पुढे गर्दी गेली की माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. म्हणून चिता मैदानावरच, चौथरा नवा बांधून, असं ठरलं. रात्रीत गवंडी लावले.

हेलिपॅड आधी शेजारच्याच शेतात आखलं होतं. मंडपवाले म्हणाले, "पंखा फिरला की माझा कापडी मंडप उडेल आणि बल्ल्या माणसांवर पडतील." बांधकाम विभागाच्या अभियंत्यांनी ते मान्य केलं आणि हेलिपॅड दीड किलोमीटरवर हलवलं. तिथे टँकरनं पाणी मारून माती बसवली, चुन्याने खूण केली, अग्निशमन बंब उभा केला. असल्या वेळी मंडपवाल्याचं म्हणणं साहेबांइतकंच ऐकावं.

सगळ्यात मोठा हिशेब चुकला तो अंत्यदर्शनाचा. सकाळी सहा ते दहा असे चार तास, दोन रांगा. मी धरलं होतं की माणूस तीन सेकंदांत पुढे सरकेल. म्हणजे एका रांगेत मिनिटाला वीस, दोन्ही मिळून तासाला चोवीसशे, चार तासांत साडेनऊ हजार. प्रत्यक्षात प्रत्येक जण वाकला, पायांना हात लावला, हार ठेवला, काही जण दोन शब्द बोलले. आठ सेकंदांच्या खाली कोणी हललं नाही. तासाला नऊशे. चार तासांत साडेतीन हजार माणसांनी दर्शन घेतलं आणि रांग तेव्हाही कॉलेजच्या फाटकाबाहेर, पेट्रोल पंपापर्यंत होती. माणसाला पाय धरू न देणं आपल्याकडे शोभत नाही. त्यामुळे हिशेबच आठ सेकंदांनी करायला हवा होता, आणि दर्शन आदल्या संध्याकाळपासून, रात्रभर चालू ठेवायला हवं होतं. आम्ही देह रात्रभर वाड्यात ठेवला, शीतपेटीत, जनरेटरवर. ती आठ-नऊ तासांची रात्र हातची गेली.

सकाळचे सव्वाअकरा

दौऱ्याची वेळ साडेनऊ होती. हेलिकॉप्टर मुंबईहून उशिरा निघालं. साडेनऊचे साडेदहा झाले, मग अकरा. तोवर एका खासदारांचा ताफा, दोन माजी मंत्री, शेजारच्या जिल्ह्यातले तीन आमदार आले. प्रत्येक गाडीबरोबर बिल्ला नसलेली सात-आठ माणसं उतरत होती आणि 'साहेबांचा माणूस' म्हणून चितेभोवतीच्या बंदोबस्ताच्या कड्याच्या आत येत होती. कड्याच्या आत चारशे माणूस मावेल एवढीच जागा आखली होती. अकराला आत सातशेच्या वर असतील. ताईंना चितेजवळ उभं राहायला हातभर जागा उरली नव्हती. एका महिला पोलिसानं त्यांच्याभोवती हात पसरून जागा धरली.

सव्वाअकराला दक्षिणेच्या फाटकावर अठरा माणसं आली. धडगावकडून घाट उतरून, शहाद्यामार्गे, दोन पिकअपमध्ये उभ्यानं आली होती. रात्री अकराला निघाली होती. त्यात दोन बायका होत्या. पुढे एक म्हातारे, पांढरं धोतर, डोक्याला पागोटं. प्रत्येकाच्या हातात एकेक लाकूड होतं: दीड-दोन हात लांब, मनगटाएवढं जाड, साल काढून साफ केलेलं. चितेवर आपल्या हातानं एक लाकूड ठेवायचं म्हणून ते तेवढ्या लांबून घेऊन आले होते.

फाटकावरच्या बंदोबस्ताला वरून सांगितलेलं होतं की काठी, दांडकं, पिशवी काही आत जाऊ द्यायचं नाही. त्यांनी लाकडं खाली ठेवायला लावली. नंतर बिल्ला विचारला. बिल्ला नाही म्हटल्यावर बाजूच्या रांगेत पाठवलं, पेट्रोल पंपापर्यंत गेलेल्या रांगेत. फाटकावरच्या पोलिसांची यात चूक नाही. त्यांच्या हातात मी केलेली यादी होती, आणि त्या यादीत ही माणसं नव्हती.

फाटकाजवळ आमच्या संस्थेचा एक तरुण शिक्षक उभा होता. त्यानं मला नंतर सांगितलं, म्हातारे कोणाशी वाद घालत नव्हते. रांगेतून जाणाऱ्या एका गावकऱ्यानं त्यांच्या वतीनं पोलिसांना विचारलं, "भाऊ, यास्ले नुसतं तोंड देखू द्या ना." पण तोवर मंत्र्यांचा ताफा आला आणि फाटकच बंद झालं.

मंत्री आले, पुष्पचक्र वाहिलं, दोन मिनिटं बोलले. मग बाकीच्यांना बोलायचं होतं. चौदा जण बोलले. अग्रक्रम तक्ता खुर्चीचा क्रम सांगतो, बोलण्याचा नाही, आणि माझ्याकडे त्यासाठी काहीच नियम नव्हता. ऊन डोक्यावर आलं. तीन म्हाताऱ्यांना चक्कर आली, त्यांना कॉलेजच्या वाचनालयात नेऊन झोपवलं, ओल्या पंच्यानं पुसलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. पाचव्या भाषणानंतर गर्दीतून "पुरे करा" असे आवाज यायला लागले. परळीला मुंडेंच्या वेळी शोकातल्या लोकांचा संताप उसळला होता आणि नेत्यांच्या गाड्या अडवल्या गेल्या होत्या, ते माझ्या डोळ्यासमोर आलं. दुःखात असलेल्या माणसांची सहनशक्ती फार पातळ असते, उन्हात तर आणखीच.

शेवटी माईच उठून उभ्या राहिल्या आणि ताईंचा हात धरून चौथऱ्याकडे चालायला लागल्या. भाषणं आपोआप थांबली. पथकानं शस्त्रं उलटी धरली, हवेत तीन फैरी झाल्या, बिगुल वाजला. तिरंगा काढून घडी झाला. बाराला दहा मिनिटं कमी असावीत असं मला वाटलं होतं. घड्याळ पाहिलं तर एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. ताईंनी अग्निडाग दिला.

राहिलेली वही

चौथ्या दिवशी ताईंनी मला अण्णांच्या सदऱ्यांची बॅग दिली, संस्थेची काही कागदपत्रं आहेत का बघा म्हणून. एका खिशात फोन नंबरांची छोटी वही सापडली. कोपरे तेलकट झालेले, मधली पानं दोऱ्यानं शिवलेली. सगळ्यांच्या वहीत नावं अकारविल्हे असतात, अण्णांच्या वहीत गावं होती. एकेका पानावर एकेक गाव किंवा पाडा, आणि त्याखाली नावं. आमदार, सभापती असं कुठेच नव्हतं. नावापुढे असं लिहिलेलं: 'याचा बैल गेला होता', 'हिचा मुलगा नर्सिंगला', '72 ला खडीवर सोबत', 'वनहक्काचा दावा, बघणे'. अक्राणीकडच्या, म्हणजे धडगाव भागातल्या पाड्यांची नऊ पानं होती.

मी कचेरीत बसून ती नऊ पानं वाचली. आम्ही तीन टेबलं मांडून रात्रभर ज्या याद्या केल्या, त्यांच्या आधीची यादी तयारच होती. ती अण्णांनी स्वतः केली होती, चाळीस वर्षं करत होते. आणि ती कुठे असते हे माहीत असलेला माणूस पहाटे चारला माझ्या दारात येऊन उभा राहिला होता.

त्या अठरा जणांचं पुढे काय झालं, ते चौथऱ्यावर राखणीला बसलेल्या माणसाकडून कळलं. गर्दी पांगली तरी ते गेले नव्हते. कॉलेजच्या कुंपणाच्या सावलीला बसून होते. पाचच्या सुमारास फाटक उघडं दिसलं तेव्हा आपापली लाकडं उचलून आत आले. चिता अजून धगधगत होती. एकेकानं पुढे होऊन लाकूड ठेवलं. शेवटी त्या म्हाताऱ्यांनी पागोटं उतरवलं, थोडा वेळ उभे राहिले आणि निघाले. राखणदारानं पाणी देऊ का विचारलं, तेवढं घेतलं. वाड्याकडे कोणी आलं नाही.

आता काम कसं करतो

पुढच्या दोन्ही घरी मी यादी वेगळ्या टोकापासून सुरू केली. आधी ड्रायव्हरला बसवतो, मग स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, मग सालदाराला. साहेब कोणाच्या घरी न सांगता जात असत, कोणाचा फोन आला की जेवण सोडून उठत, कोणाशी अहिराणीत किंवा पावरीत बोलत, एवढंच विचारतो. तासाभरात ती नावं येतात जी कुठल्याच कचेरीत नसतात. त्यांना एकेक फोन जातो, वाटेत बस किंवा जीपची सोय सांगतो, आणि त्यांचा बिल्ला घरच्यांच्याच रंगाचा असतो.

मग एक माणूस फाटकावर. कागद घेऊन उभा राहणारा कोणीही चालत नाही, चेहरा ओळखणारा लागतो. एका घरी आम्ही ड्रायव्हरलाच फाटकावर उभं केलं, बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांना तशी आधी कल्पना देऊन. त्याला चितेजवळ थांबायचं होतं, म्हणून दर अर्ध्या तासानं त्याच्या जागी दुसरा ओळखीचा माणूस. त्या दिवशी त्यानं साठ-सत्तर माणसं आत घेतली, एकही बिल्ला न बघता. कड्यात गर्दी झाली नाही, कारण साहेबांच्या गाडीमागे येणाऱ्यांना त्याच फाटकावर थांबवण्याचं बळ त्याला दिलं होतं. मंत्र्यांसोबत दोघं, बाकी कोणाही सोबत एक. लंडनला राष्ट्रप्रमुखांना सोबत एकच माणूस आणायची मुभा होती. आपल्याकडे ते जमणार नाही, असं मला आधी वाटायचं. पीए मंडळींना आदल्या रात्री फोन करून सांगितलं तर जमतं.

भाषणं चितेआधी नाहीतच. घरचा एक माणूस दोन वाक्यं बोलतो, बाकी शोकसभेत, आठ-दहा दिवसांनी, सावलीत. हे पहाटेच लिहून तहसीलदार आणि पक्षाच्या कार्यालयाला देतो, आणि माईकचा ताबा मंडपवाल्याच्या माणसाकडे न ठेवता घरच्याकडे ठेवतो.

आणि लाकूड. चौथऱ्याच्या दहा पावलांवर एक वेगळा ढीग ठेवतो, हाताएवढ्या काड्यांचा. येणारा प्रत्येक जण त्यातली एक उचलून चितेवर ठेवतो. कोणी स्वतःचं लाकूड आणलंच, तर ते फाटकावरच घेऊन त्या माणसासोबत आत पाठवायचं, हे बंदोबस्ताला आधीच सांगून ठेवतो.

अण्णांच्या उत्तरकार्याआधी मी त्या वहीतले नंबर लावायला बसलो. ताई शेजारी होत्या. बरेच नंबर बंद, काहींचे मालक गेलेले. धडगावकडच्या चौथ्या पानावरचा एक लागला. पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी नाव सांगितलं आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी फाटकावर तुम्हाला थांबवलं, आमची चूक झाली. उत्तरकार्याला या, गाडी पाठवतो."

"आम्ही येऊन गेलो भाऊ," ते म्हणाले. "लाकूड ठेवलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माई जेवतात का बरोबर?"

मी फोन ताईंकडे दिला.